ओठ मिटून दहा मिनिटं

सुळा मी आधी ओळखला, नाव नंतर वाचलं. वरच्या जबड्याचा डावीकडचा सुळा, शेजारच्या दातावर खांदा टाकून जरासा बाहेर आलेला. दुपारी बाराच्या सुमाराला मुकुंदराव डॉक्टरांच्या दवाखान्यातून खोका आला. मी नेहमीसारखे ओल्या फडक्यातले प्लास्टरचे दोन्ही जबडे काढून खिडकीच्या उजेडात धरले, आणि माझा अंगठा आपोआप त्या सुळ्यावर जाऊन थांबला. खाली दाजीबानपेठेत कापडाचे तागे उतरवणाऱ्यांची कानडीत आरडाओरड चालली होती. वर माझ्या माडीवर मी एका बाईचं तोंड हातात घेऊन उभा होतो, आणि तिला चोवीस वर्षांपूर्वी पाहिलं होतं. आमच्या धंद्यात हे असंच असतं. दात बसवतो तो डॉक्टर, दात बनवतो तो मी, आणि ज्याचे दात त्याने मला कधी पाहिलेलं नसतं. रस्त्यात भेटलेल्या माणसाचा चेहरा माझ्या लक्षात राहत नाही, पण तो हसला की मला त्याची अख्खी कवळी आठवते, कुठे घासली होती, कुठे डाव्या दाढेखाली जरा जास्तच मेण लावलं गेलं होतं, ते सगळं. मग मी हात जोडतो आणि तो बिचारा हा कोण म्हणून बघत राहतो. चिठ्ठी उघडायच्या आधीच मला ठाऊक झालं होतं, तरी उघडली. कु. हेमावती देशपांडे, वय ४४, सप्तापूर, धारवाड. घोरण्यासाठी पट्टी, वरची-खालची जोडून, खालचा जबडा सहा मिलिमीटर पुढे. मेणाचा चावा सोबत, म्हणजे मेणात उठवलेले दोन्हीकडचे दात.

मी खुर्चीवर बसलो. घोरण्यासाठी. हा शब्द मी किती वेळा वाचला असेल कोण जाणे; एरवी डॉक्टरांचं अक्षर लागत नाही म्हणून दुसऱ्यांदा वाचावं लागतं, आज लागलं म्हणून. ही पट्टी हुबळीत नवीन होती. डॉक्टरांनी परदेशातल्या कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की झोपेत जबडा मागे पडतो, जीभ त्याच्याबरोबर मागे जाते, घशातली वाट अरुंद होते आणि त्या अरुंद वाटेतून वारा जाताना जो आवाज करतो ते घोरणं. खालचा जबडा रात्रभर पुढे धरून ठेवला की वाट मोकळी. गेल्या महिन्यात ते मला चित्र दाखवून म्हणाले होते, "वादिराज, हे आपण करू की. दोन पट्ट्या, पुढे श्वासाला भोक, एवढंच." मी म्हटलं होतं, गिऱ्हाईक आणा, करू. हेच ते पहिलं गिऱ्हाईक.

त्या दिवशी संध्याकाळी मुद्दाम दवाखान्यावरून गेलो. डॉक्टर हात धूत होते. मी साचा कसा आहे, चावा नीट घेतलाय ना, असं इकडचं तिकडचं बोललो आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाई कुणाबरोबर आल्या होत्या?"

"एकट्याच. हायस्कुलात गणित शिकवतात. मीही विचारलो, बाई, हे ऐकतं कोण? घरी आणखी कोण आहे? एरवी नवरा बायकोला घेऊन येतो, नाहीतर बायको नवऱ्याला ओढत आणते. तर म्हणतात, चोवीस वर्षांची तक्रार आहे, पहिल्यांदा तुमच्या हुबळीतच कळलं." डॉक्टर हसले. "पुढं काही सांगितल्या नाहीत. मीही म्हटलं, होगली बिडु, आपल्याला काय."

होगली बिडु. जाऊ दे, सोडून दे. डॉक्टरांना सोडून देता आलं. मी मात्र त्या वाक्याला धरून घरापर्यंत चालत आलो, बस सोडून दिली तीच काय ती. चोवीस वर्षांची तक्रार. म्हणजे तिने ते खरं मानलं होतं. एकविसाव्या वर्षाच्या आतबाहेर असलेल्या मुलीला कुणी तरी सांगितलं की तू घोरतेस, आणि तिने मान्य केलं, आणि नावामागचं कु. तसंच राहिलं, आणि सप्तापुरात कुठल्याशा खोलीत ती चोवीस वर्षं दार लावून झोपली, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. जिला कोणी झोपलेलं ऐकलंच नाही तिला कळणार तरी कसं की आपण घोरत नाही? आणि आता कुठे वाचलं असेल, ऐकलं असेल, तर ती बसने हुबळीला आली, तोंड उघडून बसली, डॉक्टरांनी सांगितलं तसा जबडा पुढे काढून मेणात दात रोवले. जो आवाज तिचा नव्हताच त्याच्यावर इलाज करायला. हे मला माहीत होतं. जगात हे माहीत असलेला मी एकटा उरलो होतो.

कारण तो आवाज माझ्या आईचा होता. जन्मल्यापासून मी तो ऐकत आलो होतो. आधी एक लांब ओढ, मग दोन आखूड, मग जराशी शांतता, आणि शेवटी दूध उतू जायच्या आधी झाकण वाजतं तशी बारीक शीळ. रेल्वेच्या क्वार्टर्समधल्या दीड खोलीत आम्ही पाच माणसं झोपत होतो आणि मला अंधाराची कधी भीती वाटली नाही, ती त्या आवाजामुळे. शीळ वाजली की मी झोपायचो. मी आठ वर्षांचा असताना शेजारच्या क्वार्टरातल्या एका बाईने पाण्याच्या नळावर आईला थट्टेत म्हटलं, "अनुसयाबाई, रात्री तुमच्या घरात इंजिन शंटिंग करतंय काय हो?" सगळ्या बायका हसल्या. आईही हसली म्हणे. पण आई तशी नव्हती. नेसण्याची निरी इकडची तिकडे झाली तर ती पुन्हा आत जाऊन नेसून यायची. आपल्यामुळे कुणाला उपद्रव झाला ही कल्पनाच तिला सोसवायची नाही. ती त्या दिवसापासून झोपेना. भिंतीला पाठ लावून बसून राहायची. डोळा लागला की दचकून जागी व्हायची आणि आमच्याकडे बघायची, आम्ही जागे तर नाही झालो. असे आठ दिवस. मग ताप आला. नवव्या दिवशी तिने अप्पांना विचारलं, आम्ही मुलं पाटी घेऊन समोरच बसलो होतो. "खरं सांगा. मी घोरते का हो?"

अप्पा वर्कशॉपात कारकून, खोट्याची त्यांना सवय नव्हती. पण ते म्हणाले, "छे! कुणी सांगितलं? घोरतो तो मी. तुला आपलं वाटतं." आणि आमच्याकडे बघितलं. अक्काने पाटीत मान घातली, मीही घातली. त्या दिवसापासून आमच्या घराचा तो नियम झाला, कुणी न सांगता. रात्री आई स्वतःच्याच आवाजाने जागी व्हायची आणि अप्पांना हलवून म्हणायची, "किती घोरता हो, पोरं उठतील." अप्पा अर्धवट झोपेत म्हणायचे, "होय की, वळतो," आणि कूस बदलायचे. चाळीस वर्षं ते तिच्या घोरण्याची कूस बदलत राहिले. लहानपणी मला याची मजा वाटायची. मोठेपणी मी याला प्रेम म्हणायला शिकलो. आपली चूक कुणी तरी अंगावर घेऊन कूस बदलावी, असं माणूस मिळणं म्हणजे काय हे मला हेमावतीला पाहिल्यावर वाटायला लागलं होतं. मी तेव्हा जेमतेम सव्वीस वर्षांचा होतो.

हेमावतीला आम्ही बासष्टच्या मार्गशीर्षात धारवाडला जाऊन पाहिलं. पोहे, चहा, तिच्या वडिलांनी विचारलेले माझ्या धंद्याबद्दलचे जरा शंकेखोर प्रश्न. दातांचे साचे करणारा हा नक्की वैद्य की सुतार, हे त्यांना शेवटपर्यंत उमगलं नसावं. मग तिचे मामा आम्हा दोघांना आणि आणखी चार-पाच पोरांना घेऊन केलगेरीच्या तळ्यावर गेले. मामा मुद्दाम पुढे चालत होते. तळ्याच्या बांधावर वारा होता, ती पदर आवरत काही तरी बोलत होती आणि मी ऐकत नव्हतो. तिला ते कळलं. ती थांबली आणि म्हणाली, "तुम्ही माझे दात बघताय काय?" मी म्हटलं, "डावा सुळा." ती म्हणाली, "अय्य, सगळे केस बघतात म्हणून वेणीला तासभर लावला की मी!" आणि हसली, सुळ्यासकट. झालं. मला वाटलं, हे तोंड मला रोज बघायला मिळालं तर मी आणखी काही मागणार नाही. असं माणसाला आयुष्यात एकदाच वाटतं आणि ते तेव्हा कळत नाही, तेव्हा वाटतं की हे आता नेहमीच वाटत राहणार.

सगळं ठरल्यातच जमा होतं. वैशाखात मामेबहिणीचं लग्न हुबळीत होतं, त्याला हेमावतीच्या घरच्यांनाही बोलावलं. आईनेच बोलावलं. मुलगी आपल्या माणसांत वावरताना बघावी, एवढाच त्यात हेतू. रात्री कार्यालयातल्या लांबट खोलीत बायकांची अंथरुणं ओळीने पडली तेव्हा आईने आपल्या शेजारची जागा हाताने थोपटून म्हटलं होतं, "हेमा, ये गं, इथं माझ्याजवळ झोप." हे मला अक्काने सांगितलं, कौतुकाने. मी पुरुषांच्या बाजूला गच्चीवर होतो. पहाटे भटजींना मोठं घंगाळ हवं होतं, ते बायकांच्या खोलीच्या दाराशी ठेवलेलं. मी आणायला गेलो. आत अंधार होता, आणि त्या अंधारात एक लांब, दोन आखूड, शांतता, शीळ. माझ्या तोंडावर हसू आलं. कुठेही जा, आई ती आई. मी घंगाळ उचललं आणि आलो.

सकाळी आई चहा पिताना म्हणाली, "रात्रभर डोळ्याला डोळा नाही. काय घोरते हो ती मुलगी! चारदा जाग आली मला." आईची मावशी तानूबाई पलीकडेच झोपली होती, ती लगेच म्हणाली, "होय की गं, गोरकी म्हणजे काय, गाडीच!" तानूबाईला कानांनी धड ऐकू येत नव्हतं, पण तिला कुठेही मागे राहायला आवडत नसे. आई खोटं बोलत नव्हती. हे लक्षात घेतलं पाहिजे. ती चारदा जागी झाली होती, चारदा तिने आवाज ऐकला होता, आणि शेजारी नेहमीसारखे अप्पा नव्हते. शेजारी हेमावती होती.

दोन दिवसांनी आईने सांगितलं की हे स्थळ नको. धारवाडला पत्र गेलं की पत्रिकेत दोष निघाला. पण तानूबाईचं माहेर धारवाडचं, त्यामुळे खरं कारण पत्राच्या आधी पोचलं. मी अप्पांना गाठलं. ते परसात धोतर वाळत घालत होते. मी म्हटलं, "अप्पा, ती आई होती. मी ऐकलंय." ते म्हणाले, "मला माहीत आहे." मी म्हटलं, "मग?" अप्पांनी धोतराचं टोक दोरीवर नीट ओढलं, सुरकुती काढली. "मग तू सांग. मी अडवणार नाही." एवढंच बोलले. त्यांनी आयुष्यातलं आपलं एकुलतं एक खोटं माझ्या हातात दिलं, मोडायचं तर तू मोड म्हणून. मी आत गेलो. आई स्वयंपाकघरात परातीत तांदूळ निवडत बसली होती. मला बघून म्हणाली, "रागावलास होय रे? तुझ्यासाठीच नको म्हटलं. रात्रीची झोप नसली तर माणूस दिवसा काय काम करणार? मला माहीत आहे ना, तुझे अप्पा घोरतात, मी कसे दिवस काढले ते." मी माठातलं पाणी प्यालो. आणखी एक भांडं प्यालो. मला भिंतीला पाठ लावून बसलेली आई दिसत होती, आठ रात्री. आणि तळ्यावरचा सुळा दिसत होता. मी भांडं पालथं घातलं आणि बाहेर आलो. पुढच्या वर्षी माझं कौसल्येशी लग्न झालं, चांगली बायको मिळाली, मुलगी झाली. कौसल्येलाही पहिल्याच आठवड्यात अक्काने बाजूला घेऊन घराचा नियम सांगितला होता. आई तीन वर्षांपूर्वी गेली, झोपेत, काही न कळता; पाठोपाठ अप्पाही.

आता ते तोंड माझ्या टेबलावर होतं, आणि तीन दिवस मी त्याला हात लावला नाही. म्हणजे हात लावत होतो, काम करत नव्हतो. वरचा आणि खालचा जबडा मेणाच्या चाव्यात बसवून बिजागरीच्या चौकटीत लावला की मनुष्य जसा दात मिटतो तसे ते मिटतात. पण हा चावा पुढचा होता, खालचे दात वरच्या दातांच्या पुढे आलेले, हट्टाने काही न बोलणाऱ्या माणसासारखे. दाढा झिजल्या होत्या. उजवीकडची एक काढलेली. चोवीस वर्षांत तिने कशावर दात खाल्ले असतील, रागाने की आणखी कशाने, ते त्या झिजलेल्या माथ्यांवरून मला वाचता यायला हवं होतं आणि येत नव्हतं. तीन पर्याय होते. पट्टी करून द्यावी आणि गप्प राहावं; म्हणजे ती रोज रात्री ती घालणार, सकाळी जबडा ठणकणार, आणि माझ्या आईच्या आवाजाची शिक्षा आता तोंडात घेऊन झोपणार. दुसरा, नुसती नाटकी पट्टी करावी, जबडा पुढे न ओढणारी. तिला समाधान, दुखणं नाही. हे मी अर्धा दिवस मनात घोळवलं आणि मला स्वतःचीच शरम वाटली. पुन्हा एक दयाळू खोटं! आमच्या घराला त्यांचं व्यसनच. तिसरा पर्याय सांगायचा होता. पण आता सांगणं म्हणजे तिला काय देणं? तू घोरत नव्हतीस, हे चव्वेचाळिसाव्या वर्षी कळून माणसाने काय करायचं? तिच्याकडून काढून घेतलेलं तर मला परत देता येणार नव्हतं. फक्त ते विनाकारण काढून घेतलं होतं एवढं कळवता येणार होतं.

चौथ्या दिवशी मी काम केलं. आजवर केलं नसेल इतकं चांगलं केलं. मेण चढवलं, साच्यात दाबलं, गुलाबी ॲक्रिलिक भरून उकळत्या पाण्यात शिजवलं, काढून घासलं, पुढे श्वासाला वाट ठेवली, कडा ओठाला लागणार नाहीत अशा गोल केल्या. सुळ्यापाशी मात्र मी दोन तास घालवले. तो तिरका असल्यामुळे पट्टी तिथे अडणार होती, थोडी सैल ठेवली तर हलणार होती. शेवटी ती अशी बसली की काढताना बारीक टक् असा आवाज झाला. मी ती पुन्हा पुन्हा घातली आणि काढली. खालच्या पेठेत दुकानं बंद होऊन गेली तरी मी टक् ऐकत बसलो होतो. माझं तिच्यावर प्रेम होतं, हे वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा पूर्ण म्हटलं, प्लास्टरसमोर.

पट्टी नवीन तऱ्हेची, म्हणून बसवायच्या वेळी डॉक्टरांनी मलाही बोलावलं. शनिवारी सकाळची शाळा करून ती दुपारी आली. केस पुढून पांढरे, चष्मा, खांद्याला वह्यांची पिशवी. डॉक्टर म्हणाले, "हे आमचे वादिराज. बनवणारे हेच." तिने माझ्याकडे बघितलं, "हो का," म्हणाली आणि खुर्चीत बसली. बस. डॉक्टरांनी पट्टी तिच्या तोंडात दाबून बसवली, टक् वाजलं, ते खूश झाले. म्हणाले, "बाई, आता ओठ मिटून दहा मिनिटं अशाच बसा. बोलायचं नाही. टोचलं तर लक्षात ठेवा, मग सांगा." तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून कंपौंडर ओरडला, सकाळी दाढ काढलेल्या माणसाचं रक्त थांबत नव्हतं. डॉक्टर गेले. भिंतीवर घड्याळ होतं. ती घड्याळाकडे बघत होती.

तिला बोलता येत नव्हतं म्हणून मला बोलता आलं. हे काही शौर्य नव्हे, मला कळत होतं. मी उभ्या उभ्या, हातातल्या फडक्याकडे बघत म्हटलं, "हेमावतीबाई, ही पट्टी तुम्हाला नको आहे. तुम्ही घोरत नाही. त्या लग्नात घोरत होती ती माझी आई. मी पहाटे दारातून ऐकलं होतं. मला त्याच दिवशी माहीत होतं, आणि मी बोललो नाही. आईला कुणी कधी सांगितलं नव्हतं, तिला सोसलं नसतं. म्हणून तुम्हाला सोसायला लागलं." आणखीही बोललो, तांदूळ, पाणी, अप्पांचं धोतर, क्रम न लावता. ती हलली नाही. पुढे आलेल्या जबड्यामुळे तिचा चेहरा मोठा करारी दिसत होता, त्यावरून काही कळायला मार्ग नव्हता. माझं बोलणं संपलं तेव्हा चारच मिनिटं झाली होती. उरलेली सहा मिनिटं तिने पुरी केली. मुलांना पेपर सोडवायला बसवलेल्या बाईसारखी ती काट्याकडे बघत राहिली, आणि मी तिच्यासमोर उभा होतो.

काटा पोचल्यावर तिने अंगठ्यांनी पट्टी काढली, टक्, रुमालाने पुसली. म्हणाली, "डावीकडं मागं टोचतंय."

मी हात पुढे केला. तिने पट्टी दिली नाही.

"आणि ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी त्या रात्री झोपलेच नव्हते. होणाऱ्या सासूच्या शेजारी झोप लागते होय कुणाला? पाय लागेल, पदर सरकेल, म्हणून लाकडासारखी पडून होते. रात्रभर तुमच्या आईंना ऐकत होते. पहाटे तुम्ही आलात. अंधारात होते मी, तुम्ही उजेडात. तुम्ही ऐकलात आणि हसलात."

मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"मीही हसले हो. तुम्हाला दिसलं नाही. म्हटलं, यांनाही माहीत आहे. लग्नानंतर ही आपली दोघांची गंमत." तिने चष्मा काढून पुसला. "मग ते सगळं झालं. मला वाटलं, तुम्ही सांगाल. तुम्ही तर ऐकलं होतं. नागपंचमी गेली, गणपती गेले. दिवाळीपर्यंत वाट बघितली मी."

"तुम्ही का नाही सांगितलं?"

"मी? नकार आलेल्या मुलीनं जाऊन सांगायचं काय, मी नव्हे, तुमच्या आई?"

मी म्हटलं, "मग डॉक्टरांना चोवीस वर्षांची तक्रार म्हणून..."

"ते गमतीनं म्हटलं. ही पट्टी बनवतं कोण ते मी विचारलं होतं त्यांना. म्हटलं, बघू पोचतं का तुमच्यापर्यंत." ती जराशी हसली. सुळा दिसला. "आता खरंच घोरते की मी. भाची आलीय राहायला, युनिव्हर्सिटीत आहे. तिनं टेप करून ऐकवलं. ऐकलं आणि मला हसूच आवरेना. हुबेहूब तुमच्या आई. एक लांब, दोन लहान, मग ती शीळ. पोरीला कळेना मावशी का हसते."

पलीकडे डॉक्टर कुणाला तरी बोळा घट्ट दाबायला सांगत होते. ती शीळ आता सप्तापुरात एका टेपवर होती, आणि मला ती ऐकायची इतकी इच्छा झाली की मी खुर्चीचा हात धरला. आईसाठी की हिच्यासाठी, मला सांगता आलं नसतं. मी म्हटलं, "माझ्यामुळं तुमचं लग्न..."

"एवढंही मोठं समजू नका स्वतःला," ती पटकन म्हणाली. मग रुमालाची घडी घालत, "आई आहेत?"

"तीन वर्षं झाली."

"कळलं होतं त्यांना? कधी?"

"नाही."

तिने पट्टी माझ्या हातावर ठेवली. ती अजून ऊबदार होती. "बरं केलंत," म्हणाली. त्यात राग होता की नव्हता ते मी आजही ठरवू शकलेलो नाही. मी डावीकडची कड घासून दिली, तिने पुन्हा घातली, मान हलवली. आता टोचत नव्हतं. साडेतीनच्या बसने ती धारवाडला गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. जेवून मी मधल्या खोलीत चटईवर आडवा झालो. किती वेळ गेला कोण जाणे, कसल्याशा आवाजाने एकदम दचकून जागा झालो. जवळूनच आला होता, कुणी तरी ओढून घेतल्यासारखा, शेवटी शीळ. मी मान वळवून शेजारी बघितलं. कोणी नव्हतं. भिंत होती, पंख्याने हलणारं कॅलेंडर होतं. आईने डोळे उघडले होते तेव्हा तिच्या शेजारी हेमावती होती. माझ्या शेजारी ठपका ठेवायलाही कोणी नव्हतं. सहा वर्षं झाली, उकाड्याचं निमित्त करून कौसल्या व्हरांड्यालगतच्या खोलीत झोपते. मला आजवर ते उकाड्यामुळेच वाटत होतं.

मी उठून बाहेर गेलो. कौसल्या ज्वारी निवडत बसली होती, मुलगी जयलक्ष्मी पायरीवर पुस्तक घेऊन. मी दारात उभा राहून विचारलं, "काय गं, खरं सांग. मी घोरतो का?"

जयलक्ष्मीने आईकडे बघितलं आणि पुस्तकात मान घातली.

"छे!" कौसल्या म्हणाली, सुपातून नजर न काढता. "कुणी सांगितलं? तोंड धुऊन या, चहा टाकते."